खान्देशात कोळंबी घेताना: कोकणातून बदलून आलेल्यांसाठी

भुसावळला रेल्वेत, दीपनगरच्या वीज केंद्रात, वरणगावच्या फॅक्टरीत नाहीतर जळगावात बँकेत बदली होऊन आपल्याकडचं कुटुंब आलं, की घर, शाळा आणि पाण्याच्या चौकशीनंतरचा प्रश्न ठरलेला: इथे कोळंबी मिळते का? मिळते, आणि चांगली मिळते. फक्त बंदरावर जशी घेत होतात तशी इथे घेऊ नका. तिथे मासा बघून घ्यायचा, इथे आधी त्याचा प्रवास विचारायचा.

इथली कोळंबी दोन वाटांनी येते, मुंबई-नाशिककडून आणि सुरतेकडून. सुरत-धुळे-जळगाव हा एकच महामार्ग आहे आणि तापीकाठाने रेल्वेही आहे, त्यामुळे नंदुरबार-धुळ्याला सुरतच जवळची. आणि सुरत, नवसारी, वलसाडच्या किनाऱ्यावर आहेत कोळंबीची तळी. म्हणून पाटीत एकाच मापाची, फिकट करडी, पांढुरक्या पायांची कोळंबी दिसली तर ती दर्यातली नाही, तळ्यातली व्हनामी आहे. ही जात मूळची मेक्सिको ते पेरूच्या किनाऱ्यावरची. आपल्याकडे 2009 मध्ये तिच्या शेतीला परवानगी मिळाली, कारण नव्वदच्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने टायगर कोळंबीची तळीच्या तळी बसली होती. आज देशात सर्वांत जास्त कोळंबी आंध्रात पिकते, आणि त्यातली बहुतेक हीच.

तळ्यातली म्हणून नाक मुरडू नका. दर्यातल्या करपाली किंवा चैती कोळंबीची चव तिला नाही, हे मीही मान्य करतो. पण तळं उपसलं की माल लगेच बर्फात जातो. उलट ट्रॉलरवरची कोळंबी बंदराला लागेपर्यंतच काही दिवसांची झालेली असू शकते, आणि पुढे घाट चढून इथवर यायची असते. शिवाय 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कोणी ‘दर्याची ताजी’ म्हणाला तर ऐकून घ्या आणि पुढे चला.

आता प्रत्यक्ष पाटीपुढे. ‘भाऊ, माल कव्हय उना?’ (माल कधी आला?) असं इथल्या अहिराणी बोलीत विचारलंत तर निम्मं काम होतं, विक्रेता मोकळेपणाने बोलतो. इथे झिंगे म्हणूनच मागा. मग एक झिंगा शेपटीला धरून उचला. डोकं घट्ट बसलेलं हवं. डोक्यातली पाचकग्रंथी सगळ्यात आधी बिघडते आणि सांध्याचं मांस सैल करते, म्हणून डोकं लोंबकळत असेल तर माल जुना. सांध्याशी आणि पायांशी काळेपणा आला असेल तर घासाघीस करण्यापेक्षा सोडून द्या. कापलेलं वांगं जसं काळं पडतं, तसाच हा प्रकार. काळेपणा स्वतः विषारी नसतो, पण बर्फ कुठेतरी कमी पडला होता हे त्यावरून कळतं. शेवटी वास घ्या. समुद्राचा वास चालेल, अमोनियाचा नाकात चढणारा वास आला तर पाटीकडे परत बघू नका. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास इथे पारा 44-45 वर जातो. तेव्हा सकाळीच जा, घरून डबा आणि बर्फ न्या, आणि बाजारातली बाकीची खरेदी आधी उरकून झिंगे शेवटी घ्या.

सोललेली कोळंबी उघड्यावर घेऊ नका. वर सांगितलेल्या बहुतेक खुणा सोलताना निघून जातात. अख्खी एक किलो घेतलीत तर साफ करून साधारण अर्धा किलो हातात येते, त्या हिशेबाने भाव जोडा.

गोठवलेलं पाकीट घेणं इथे मुळीच कमीपणाचं नाही. उन्हाळ्यात मी तेच घेतो. पाकिटावर चौदा आकडी परवाना क्रमांक, पॅकिंगची तारीख आणि बर्फाचा थर सोडून निव्वळ वजन किती, हे बघा. आत सुटा बर्फ खडखडत असेल किंवा सगळा एकच गोळा झाला असेल, तर ते मध्ये वितळून पुन्हा गोठलेलं असण्याची शक्यता मोठी. पाकिटावरचा ‘26/30’ हा आकडा बहुधा एका पौंडात किती नग बसतात त्याचा असतो, म्हणजे किलोत 57 ते 66 नग. पाटीवाला ‘तीस काउंट’ म्हणतो ते मात्र किलोचे, म्हणजे एक नग 33 ग्रॅमच्या आसपास. यात नवीन माणूस हटकून फसतो.

नदीचे झिंगे हा इथला खरा लाभ आहे. तापी, गिरणा, हतनूर धरणाचं पाणी, तिकडे नवापूरकडे उकाई धरणाचा फुगवटा, इथून भोई मंडळी पकडून आणतात. मोठ्या गोड्या झिंग्याची पिल्लं खाडीच्या मचूळ पाण्यातच वाढतात. धरणं आडवी आली की ही ये-जा तुटते, म्हणून जलाशयातला मोठा झिंगा बहुधा बीज सोडून वाढवलेला असतो. त्याचं डोकं मोठं, त्यामुळे मांस कमी भरतं, आणि ते लवकर पिठूळ होतं. सकाळी पकडलेला दुपारच्या आत चुलीवर हवा. शेजारणीकडून काळा मसाला मागून घ्या आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर खाऊन बघा. तिथे नारळाची आठवण येत नाही.

श्रावणात इथे कानबाई देवीचे रोट असतात तेव्हा गल्लीत मासळीचा वास काढू नका, शेजार जपला जातो. तोवर सुकट आणि सोडे भरून ठेवा. आठवडे बाजारात सुकट भरपूर असते. मूठभर दाबून सोडली की ती मोकळी व्हायला हवी, चिकटली तर ओल आहे. तळहातावर चोळून वाळू बघा. सोडे फारच लालभडक दिसले तर घेऊ नका. घरी आणल्यावर एक कडक ऊन दाखवून, गार झाल्यावर हवाबंद बरणीत भरा. ऊन तर इथे हवं तेवढं आहे.