बाहाला रूस्टरफिशसाठी जाताय? मग ही तयारी करूनच निघा

ट्राउटवर हात बसला की समुद्राचे वेध लागतातच, आणि कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या लोकांना हाताशी असलेला उबदार समुद्र म्हणजे मेक्सिकोतलं बाहाचं दक्षिण टोक, त्यातही ईस्ट केप, म्हणजे लोस बारीलेस, ला रिबेरा, पुंता कोलोरादा हा सगळा पट्टा. एलएवरून सॅन होसे देल काबोला अडीच तासांत विमान उतरतं, पुढे गाडीने तासाभरात लोस बारीलेस. तिथे पुळणीवरून चालत जायचं, डोळ्यांनी रूस्टरफिश, म्हणजे पाठीवर कोंबड्यासारखा तुरा असलेला मासा, हेरायचा आणि त्याच्या पुढ्यात फ्लाय, म्हणजे हुकवर बांधलेलं हलकं नकली आमिष, टाकायची, यापेक्षा भारी फिशिंग मला तरी माहीत नाही. फक्त मासा समोर आला की हातात जेमतेम दहा सेकंद असतात, त्यामुळे खाली जे काही सांगतोय ते सगळं त्या दहा सेकंदांसाठी आहे असंच धरून चला.

सगळ्यात आधी तारखा. नोव्हेंबर ते मार्च तिथे उत्तरेचा वारा दणकून वाहतो, काइटबोर्डिंगवाले खास त्यासाठी येतात, त्यामुळे किनाऱ्यावरून फ्लाय टाकायला ते महिने सोडूनच द्या. मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतचा काळ धरा, पाणी तापत जातं तसे मोठे रूस्टर किनाऱ्याला लागून फिरायला लागतात. ज्यांना डोराडो म्हणजे माहीमाहीच हवाय त्यांना पुढचे महिने जास्त चांगले, पण तेव्हा वादळांचा धोका असतो, २०१४ च्या सप्टेंबरमध्ये ओडील चक्रीवादळ थेट काबोवर आदळलं तेव्हा विमानतळसुद्धा बंद पडला होता, म्हणून ऑगस्टनंतरचं बुकिंग असेल तर तारीख बदलता येईल असंच तिकीट काढा आणि मधे एकदोन दिवस मोकळे ठेवा. आपला भारतीय पासपोर्ट असेल तर व्हॅलिड अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्डवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्टची मुदत बघून घ्या.

आता रॉड. किनाऱ्यावरून नऊ किंवा दहा वेटचा (आकडा मोठा तितका रॉड दणकट), त्याच्या खाली जाऊ नका, कारण फ्लाय चारपाच इंचाची असते आणि वाऱ्यात ती फेकायची असते. रिळाला चांगला सील्ड ड्रॅग, म्हणजे पाणी आत न जाणारा ब्रेक हवा आणि तीस पाउंडाचं बॅकिंग, म्हणजे मुख्य लाइनच्या मागची राखीव दोरी, निदान दोनशे यार्ड, मोठा रूस्टर पहिल्याच धावेत त्यातलं बरंच घेऊन जातो. लाइन इंटरमीडिएट म्हणजे हळूहळू बुडणारी, आणि ती ट्रॉपिकल कोअरचीच घ्या, थंड पाण्यातली ट्राउटची लाइन तिथल्या उन्हात शेवयांसारखी मऊ पडते आणि गाइडमधून, म्हणजे रॉडवरच्या कड्यांमधून, सरकतच नाही. लाइन आणि फ्लायच्या मधला पारदर्शक धागा, म्हणजे लीडर, वीस पाउंडाचा फ्लूरोकार्बन, नऊदहा फूट. फ्लायचं म्हणाल तर सार्डिना या आमिषाच्या छोट्या माशासारखी दिसणारी हिरवट-पांढरी क्लाउझर, पांढरा डिसीव्हर (ही फ्लायच्या प्रकारांची नावं), लिसा म्हणजे तिथल्या बोयांसारखी करडी मोठी एक आणि दोनतीन पॉपर, म्हणजे पाण्यावर आवाज करणाऱ्या फ्लाय, एवढं बास, पण प्रत्येकीच्या चारपाच प्रती घ्या आणि हुकचे काटे पक्कडीने घरीच दाबून टाका. निघायच्या आधल्या रात्री बॅकिंग आणि लाइनची गाठ बोटांमधून ओढून बघा, ती रॉडच्या शेवटच्या गाइडमधून बाहेर जाताना खडखडली किंवा अडकली तर परत बांधा.

स्ट्रिपिंग बास्केट विसरू नका. कमरेला बांधायची ती टोपली. ती नसेल तर मोकळी लाइन लाटेत वाहून पायांभोवती गुंडाळली जाते आणि मासा समोर असताना तुम्ही वाकून पाय सोडवत बसता.

पण खरी तयारी सामानाची नाही, हातांची आहे, आणि ती महिनाभर आधी सुरू करायला हवी. ईस्ट केपचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, जूनमध्ये वारा बऱ्याचदा दक्षिणेचा, म्हणजे समुद्राकडे बघून उभं राहिलं की तो उजव्या खांद्यावर येतो आणि उजव्या हाताने फेकणाऱ्याची फ्लाय कानावर येऊन आदळते. म्हणून डाव्या खांद्यावरून बॅकहँड कास्ट पार्कात जाऊन घोटवा, साठ फूट, दोन फॉल्स कास्टमध्ये (लाइन खाली न टाकता हवेतच मागेपुढे करणं), त्याहून जास्त वेळ मासा देत नाही. थोडं धावून, थांबून, लगेच फेकायचीही सवय करा. दुसरं म्हणजे स्ट्रिप स्ट्राइक. ट्राउटला आपण रॉड वर उचलतो, तो हात इथे आवरायलाच हवा, रॉडचं टोक पाण्याकडे ठेवून लाइनच मागे खेचायची. रॉड काखेत धरून दोन्ही हातांनी लाइन ओढायचा सराव करा, रूस्टर मागे लागला की वेग कमी करायचा नसतो, तुम्ही थांबलात की तो वळून जातो.

मासा दिसायला ऊन पाठीशी किंवा डोक्यावर हवं. सकाळी साडेनवापर्यंत सूर्य समोर, पाण्यावर नुसती चमक, म्हणून तेव्हा पांग्यातून, म्हणजे होडीतून जा आणि किनारा दहा ते तीनसाठी ठेवा. पोलराइज्ड चष्मा तांबूस काचेचा, टोपीच्या कडेची खालची बाजू गडद. बघायचं काय, तर आधी सार्डिना किंवा लिसा उडताना दिसतात, मग त्यांच्यामागे पाण्याबाहेर आलेला तो तुरा, पाठीवरचे सात लांब काटे उभे करून पाणी चिरत येतो, आणि अंगावरचे काळे वळणदार पट्टे लाटेच्या भिंतीतून स्पष्ट दिसतात. तेव्हा माशावर नाही, त्याच्या वाटेत पुढे टाका. बरोबर कोणी असेल तर त्याने स्पिनिंग रॉडवर बिनहुकाचा प्लग, म्हणजे टणक नकली मासा, फेकून मासा जवळ ओढून आणायचा आणि तुम्ही फ्लाय टाकायची, हे दोघांनी आधी ठरवून ठेवा.

पांगा म्हणजे तिथली बावीस-तेवीस फुटी उघडी होडी, पांगेरो म्हणजे होडीवाला पहाटे जिवंत सार्डिना घेऊन निघतो, त्या सार्डिनाचे पैसे बऱ्याचदा वेगळे आणि रोख द्यावे लागतात, म्हणून सुटे पेसो ठेवा, टिपही त्याच्या हातात द्या. होडी लागत असेल तर गोळी आदल्या रात्रीच घ्या. पांग्यावर चढणाऱ्या प्रत्येकाकडे स्पोर्ट फिशिंगचं लायसन्स हवं, ऑनलाइन निघतं, नुसतं किनाऱ्यावरून टाकणार असाल तर लागत नाही. बाहेर डोराडो तरंगत्या सरगॅसमखाली असतो, पहिला गळाला लागला की त्याला थोडा वेळ पाण्यातच राहू द्या, बाकीचे त्याच्याभोवती घुटमळतात. तोरो म्हणजे जॅक क्रेव्हाल थव्याने येतो आणि दमवतो. सिएरा या माशासाठी मात्र चारपाच इंच पातळ वायर बांधा, दात सुरमईसारखेच, तिची जवळची नातलगच ती, आणि तव्यावर टाकल्यावर मालवणी माणसाला घरचीच वाटेल.

पायांचं लक्षात ठेवा. वाळू दुपारी चटका देते, म्हणून फ्लॅट्सचे बूट, आणि पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चला, स्टिंगरे वाळूत पुरून बसलेले असतात. काटा लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. पाणी माणशी चार लिटर, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बफ म्हणजे गळा-तोंड झाकायचं कापड, बोटांना स्ट्रिपिंग गार्ड, कारण मिठाने आणि लाइनने दुसऱ्याच दिवशी बोटं चिरतात.

काबो पुल्मोच्या हद्दीत फ्लाय टाकायची नाही. १९९५ पासून तो नॅशनल पार्क आहे, गावातल्या कोळ्यांनी स्वतः मासेमारी सोडली आणि १९९९ ते २००९ मध्ये तिथल्या माशांचं एकूण वजन चारशे टक्क्यांहून जास्त वाढलं. हद्दीचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. डोराडो झपाट्याने वाढतो, एखादा खायला घेतला तर वाईट वाटायचं कारण नाही, मर्यादा माणशी दोन. रूस्टर मात्र सोडायचाच, माझा याबाबतीत आग्रह आहे. ११४ पाउंडांचा विक्रमी रूस्टर १९६० साली ला पासलाच मिळाला होता, तसे मासे पुढेही दिसायला हवे असतील तर कोरड्या वाळूवर ओढू नका, गुडघाभर पाण्यात शेपटीच्या बुंध्याला धरा, फोटो एक, आणि तो जोर लावून हात सोडवेपर्यंत तोंड लाटेकडे धरून ठेवा.

रोज संध्याकाळी रीळ गोड्या पाण्याने हलकेच धुवा, जोराचा फवारा नको, मीठ आत जातं. परतीच्या विमानात रीळ, फ्लाय, पक्कड सगळं चेक-इन बॅगेत टाका, लाइन गुंडाळलेलं रीळ हँडबॅगेत असेल तर सिक्युरिटीला अडवू शकतात.