हंगेरी आणि तुर्किक देश : प्रबंधाला हा विषय घेणार असाल तर

हंगेरी आणि तुर्किक देश (तुर्कस्तान, अझरबैजान, कझाकस्तान असे तुर्किक भाषा बोलणारे देश) यांच्या संबंधांचा विषय प्रबंधाला घेऊ का, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी ‘घ्या’ असंच सांगते. विषय आटोपशीर आहे आणि भारतात त्यावर काम करणारे फार थोडे भेटतात. पण पहिलं वर्ष एकटेपणात जातं. चर्चेला माणूस मिळत नाही, मार्गदर्शकालाही बऱ्याचदा कझाकस्तान-किर्गिझस्तान नकाशापुरतेच ठाऊक असतात. त्याने फारसं बिघडत नाही. विषयातला तज्ज्ञ असून सहा महिने प्रकरण न उघडणाऱ्यापेक्षा, विषय न कळणारा पण ओळ न् ओळ वाचून ‘हे कशावरून?’ विचारणारा मार्गदर्शक शतपटीने बरा.

२०१० नंतरचं ‘पूर्वेकडे उघडणं’ (पूर्वेकडच्या देशांशी संबंध वाढवण्याचं हंगेरीचं धोरण), २०१८ साली किर्गिझस्तानातल्या चोल्पोन-अता इथे मिळालेला तुर्किक परिषदेचा (या देशांची संघटना, पुढे तिचंच नाव ‘तुर्किक राज्य संघटना’ झालं) निरीक्षक दर्जा, २०१९ साली बुडापेस्टमध्ये उघडलेलं तिचं कार्यालय, मे २०२५ ची बुडापेस्टमधली अनौपचारिक शिखर परिषद हा क्रम तुम्हाला माहीत असेलच. त्यावर पानं घालवू नका.

पानं आणि महिने खातं ते हंगेरियन आणि तुर्किक लोकांच्या पुरातन नात्याचं प्रकरण. माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला, म्हणून सविस्तर सांगते. २०१० साली सत्तेवर आलेले पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांची भाषणं वाचायला घेतली की हूण, त्यांचा राजा अटिला, पूर्वेकडून आलेले पूर्वज असं सगळं समोर येतं. मग हंगेरियन आणि आशियाई लोकांचं नातं मांडणारी १९१० ची तुरानी सोसायटी सापडते, मध्य आशिया पालथा घालणारा हंगेरियन अभ्यासक व्हाम्बेरी सापडतो. साहित्य इतकं रसाळ की प्रकरण आपोआप लिहून होतं. हंगेरियन भाषा उरालिक (फिनिश वगैरे भाषांच्या) कुळातली, तुर्किक नव्हे, हे त्यात नमूद केलं की आपण चिकित्साही केली असं वाटतं. आणि मग परीक्षक एकच प्रश्न विचारतात : हे नातं १९९५ सालीही सांगता आलं असतं, मग धोरण २०१० नंतरच का वळलं? जी गोष्ट आधीपासून तशीच आहे, तिच्यावरून बदलाचं कारण सांगता येत नाही. हे वाक्य टेबलासमोर चिकटवून ठेवा.

यावर उलट टोकाला जाऊन ‘नातं हा नुसता मुखवटा, खरं कारण गॅस’ असं लिहाल तर तेही टिकत नाही. गॅसचं महत्त्व आहेच. २०२१ मध्ये रशियाच्या गॅझप्रॉम कंपनीशी झालेला पंधरा वर्षांचा करार वर्षाला साडेचार अब्ज घनमीटरचा, आणि त्यातला मोठा हिस्सा तुर्कस्तान-सर्बियामार्गे येणारा. पण तो गॅस रशियाचा आहे. तुर्कस्तान तिथे वाट आहे. अझरबैजानमध्ये हंगेरीच्या मोल या तेल कंपनीने २०२० साली तेलक्षेत्रात हिस्सा घेतला, तो खरा थेट दुवा. पण नुसत्या व्यापाराचा हिशेब असता तर बुडापेस्टमध्ये आर्मेनियन अधिकाऱ्याचा खून करून हंगेरीच्या तुरुंगात असलेल्या अझरबैजानी अधिकाऱ्याला २०१२ मध्ये अझरबैजानच्या हवाली का केलं असतं? त्यावरून आर्मेनियाने हंगेरीशी राजनैतिक संबंध तोडले, ते थेट २०२२ मध्ये पूर्ववत झाले.

माझं मत असं की नात्याची गोष्ट हा दारातून आत जाण्याचा परवाना आहे. तो युरोपीय संघातल्या दुसऱ्या कुणाकडे नव्हता. २०१० नंतर ब्रुसेल्सशी, म्हणजे युरोपीय संघाशी, बिनसत गेलेल्या सरकारला तो वापरावासा वाटला. जुनं नातं आणि नवी गरज, दोन्ही एकत्र धरा. परीक्षकांच्या प्रश्नाला तेव्हाच उत्तर मिळतं.

आता आखूड वाटांबद्दल. विचारगटांच्या (थिंक टँकच्या) दोन पानी टिपणांवर प्रकरण उभारू नका. ती एकमेकांचीच उसनवारी करतात. यंत्राने केलेलं हंगेरियन भाषांतर अंदाजापुरतं ठीक, उद्धृत करायला अजिबात नाही. पण भाषा येत नाही म्हणून घाबरूही नका. बरीचशी सरकारी भाषणं आणि परिषदांची जाहीरनामे-पत्रकं इंग्रजीत मिळतात. हंगेरियन खरंच शिकायची असेल तर हंगेरी सरकारची स्टिपेंडियम हंगारिकम शिष्यवृत्ती भारतीय विद्यार्थ्यांनाही खुली आहे.

नवं काही करायचं असेल तर सायप्रसकडे बघा. फक्त तुर्कस्तानची मान्यता असलेल्या उत्तर सायप्रसला २०२२ मध्ये तुर्किक राज्य संघटनेत निरीक्षक दर्जा मिळाला. हंगेरी त्याच संघटनेत निरीक्षक, आणि युरोपीय संघात सायप्रस प्रजासत्ताकाच्या शेजारी बसणारी. एप्रिल २०२५ मध्ये समरकंदला मध्य आशियाई देशांनी युरोपीय संघाबरोबरच्या जाहीरनाम्यात उत्तर सायप्रसचं स्वातंत्र्य अमान्य करणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावांना दुजोरा दिला; त्यातले काही देश याच तुर्किक संघटनेत आहेत. तुर्किक संघटनेच्या आणि युरोपीय संघाच्या बैठकांची पत्रकं तारखेनुसार शेजारीशेजारी लावा, आणि हंगेरी कुठे बोलते, कुठे गप्प राहते ते टिपत जा.