वादळात पडलेली वाडी: शिमग्यापासून मृगापर्यंतची कामे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड या गावांतील, तसेच खाली दापोली तालुक्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. मृग अवघ्या चार-पाच दिवसांवर आला होता, त्यामुळे त्या पावसाळ्यात लोकांनी छपरे शाकारली, वाटा मोकळ्या केल्या आणि वाडीकडे पाठ फिरवली. दुसरे काही शक्यही नव्हते. वाडी पुन्हा उभी करण्याचा खरा हंगाम त्यानंतरच्या शिमग्यापासून सुरू होतो. जमीन वाफशावर, म्हणजे खणण्याजोग्या बेताच्या ओलीवर, असते, माणसे गावात असतात आणि पावसाला अजून तीन महिने असतात. पुढे मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने सिंधुदुर्ग-रत्नागिरीला हाच अनुभव दिला. या तीन महिन्यांत काय करावे, हे इथे सांगत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट ठरवावी, ती म्हणजे काम आपल्या गडग्यापुरते, म्हणजे आपल्या कुंपणाच्या आतले तेवढेच, करायचे नाही. किनाऱ्यावरच्या वाड्या रस्त्यापासून समुद्राकडे जाणाऱ्या लांबट पट्ट्या असतात आणि एका पट्टीत कुजणाऱ्या खोडातला भुंगा शेजारच्या चार पट्ट्यांतील रोपे खातो. समुद्राकडचा आडोसा गेला की वारा सगळ्याच आळीत शिरतो. म्हणून पालखी घरोघर फिरून झाली की, चाकरमानी परत जाण्याआधी, आळीतील सर्व घरांनी बसून सावड, म्हणजे एकमेकांच्या वाडीत पाळीपाळीने करायचे काम, ठरवावी: कोणत्या दिवशी कोणाची वाडी, कापायचे यंत्र कोणाचे, तेलाचा खर्च कसा वाटायचा. ज्या घरात फक्त म्हातारी माणसे उरली आहेत, त्यांची वाडी पहिल्या दिवशी घ्यावी. ती शेवटी ठेवली तर मागे पडतेच.

कापण्यापूर्वी पडलेल्या प्रत्येक झाडाचा फोटो काढावा आणि माड किती, पोफळी किती, जायफळ किती याची वहीत नोंद करावी. निसर्गनंतर फळबागांसाठी मदत आधी हेक्टरी ५०,००० रुपये अशी जाहीर झाली. पण इथे वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात, त्यामुळे गुंठ्यामागे जेमतेम पाचशे रुपये हाती येत होते आणि एवढ्यात एक खोड उचलण्याची मजुरीही सुटत नव्हती. झाडांच्या संख्येवर मदत द्यावी ही मागणी त्यातूनच पुढे आली. पंचनाम्याच्या वेळी झाडांचा आकडा ज्याच्याकडे लिहिलेला असतो, त्याचे म्हणणे ऐकून घेतले जाते.

आता खोडांविषयी. या विषयावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण नवी लागवड फसण्याचे मोठे कारण इथे आहे. पडलेला माड काही महिन्यांत आतून मऊ पडतो आणि गेंड्या भुंग्याची मादी त्यात अंडी घालते. वादळानंतरच्या फाल्गुनात आमच्या वाडीतले एक खोड पहारीने पलटले, तेव्हा खालचा भाग ओल्या भुशासारखा सुटून आला आणि त्यात अंगठ्याएवढ्या जाडीच्या, अर्धवर्तुळात वळलेल्या पांढऱ्या अळ्या होत्या. हातभर जागेत तेवीस मोजल्या. वरून ते खोड धडधाकट दिसत होते. या अळ्यांचे भुंगे पावसाच्या सुरुवातीला बाहेर पडतात आणि नेमके तेव्हाच आपण कोवळी रोपे लावलेली असतात. भुंगा सुईत, म्हणजे न उमललेल्या पानात, भोक पाडून आत शिरतो. ते पान उघडले की कात्रीने कापल्यासारखे दिसते आणि लहान रोप असेल तर मरतेच.

म्हणून वैशाख संपण्यापूर्वी एकही खोड जमिनीला टेकून राहता कामा नये. चांगली पिकलेली खोडे उभी चिरून वाशांसाठी, साकवासाठी वा गोठ्यासाठी ठेवावीत; चिरलेले लाकूड लवकर वाळते आणि वाळलेल्या लाकडात भुंगा वाढत नाही. उरलेली खोडे तुकडे करून वाळवावीत आणि जाळावीत. बुंधे खणून काढणे जमले नाही, तर निदान ते फोडून उन्हात उघडे टाकावेत. शेणखताचा खड्डाही याच वेळी उपसून अळ्या वेचाव्यात आणि त्यात मेटारायझियम ही अळ्या मारणारी बुरशी मिसळावी.

तारांवर रेललेली किंवा दुसऱ्या झाडाच्या ताणावर अडकलेली झाडे मात्र सावडीतल्या हौशी हातांनी तोडू नयेत. वीज बंद करून घ्यावी आणि जाणत्या पाडेलीलाच, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्यालाच, बोलवावे.

सगळेच कलंडलेले झाड तोडायचे नसते. चार-पाच वर्षांपर्यंतचा माड कलंडला असेल, सुई हिरवी असेल आणि एका बाजूची मुळे जमिनीत असतील, तर तो दोरांनी हळूहळू सरळ करून बुंध्याशी मातीची भर द्यावी. माडाला बुंध्यातून नवी मुळे फुटतात. उभ्या राहिलेल्या पोफळींना वेगळाच धोका असतो. शेजारची सावली गेल्यामुळे दुपारनंतरचे ऊन थेट खोडावर पडते, खोड भाजते आणि काही वर्षांनी तिथेच मोडते. नैर्ऋत्येकडच्या पोफळींची खोडे विऱ्यांनी (पोफळीच्या पानांच्या रुंद देठांनी) किंवा झावळांनी बांधून घ्यावीत.

खड्डे चैत्रातच खणावेत, म्हणजे ते महिनाभर तापतात. माडासाठी एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा आणि दोन माडांत साडेसात मीटर अंतर. पोफळीसाठी साठ सेंटिमीटरचा खड्डा आणि २.७ मीटर अंतर. जुन्या वाड्या याहून दाट होत्या आणि मोकळी जमीन बघून मधे आणखी एक रोप लावण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण दाटीत झाडे उन्हासाठी उंच आणि बारीक होतात. पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या, जमिनीत तळाशी नारळाची सोडणे (वरची काथ्याची साले) उताणी रचली तर ओल टिकते. वर चांगली माती आणि शेणखत भरावे.

रोपे कुठून आणायची, हा प्रश्न आळीने मिळून सोडवावा. माडाचे रोप नऊ ते बारा महिन्यांचे, जाड बुंध्याचे, सहा पाने असलेले असावे. कोकण कृषी विद्यापीठाच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राची आणि श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्राची रोपे विश्वासाची असतात, पण वादळानंतर मागणी फार असते. म्हणून जुनी, भरपूर धरणारी आणि उभी राहिलेली झाडे हेरून एकाच वाडीत सर्वांसाठी रोपवाटिका करावी. बाणवली या उंच वाढणाऱ्या जातीला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, संकरित जातींना त्याहून कमी. दोन्ही मिसळून लावणे मला योग्य वाटते.

पोफळीचे रोप उघड्यावर लावू नये. आधी केळ लावावी. तिची सावली रोपाला मिळते आणि साधारण वर्षभरात घड विकून घरात चार पैसे येतात. मिरीचे वेल आणि जायफळ सावली झाल्यावर घ्यावे. जायफळात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, तेव्हा मादीची कलमे घेऊन दहांमागे एखादा नर ठेवावा. समुद्राच्या बाजूला सर्वांच्या पट्ट्यांच्या टोकांना उंडी, केवडा आणि सुरू यांची सलग रांग धरावी. मधे एका पट्टीचे तोंड उघडे राहिले तर वारा तिथूनच शिरतो.

मृगाचे दोन-चार पाऊस झाले की लागवड करावी. कोंब जिथून फुटतो तो भाग मातीखाली गाडू नये आणि खड्ड्यात पाणी साचणार नाही अशी वाट ठेवावी. सुईजवळच्या तीन पानांच्या बेचक्यांत डांबराच्या गोळ्या वाळूसह ठेवाव्यात आणि दर दीड महिन्याने बदलाव्यात. नारळी पौर्णिमेच्या आधी आळीतल्या सर्वांनी मिळून सगळ्या वाड्यांतून एक फेरी मारावी, प्रत्येक सुई बघावी आणि भोक दिसले तर तारेच्या आकड्याने भुंगा तिथल्या तिथे काढावा.