जुनी बतावणी आजच्या मंडपात कशी बसवाल?

गणेशोत्सवात जुनी बतावणी, म्हणजे तमाशातला विनोदी संवादांचा प्रवेश करायचा, तर आधी हक्क तपासा. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं लेखनहक्क टिकतो. अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या नाटकांना २०२९ अखेरपर्यंत परवानगी हवी. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, त्यांची नाटकं कधीच मोकळी झाली.

मग संहिता तिघांना मोठ्यानं वाचून दाखवा: एक सत्तरीचा, एक चाळिशीचा, एक दहावीतला. कोण कुठे हसतं तिथे पेन्सिलीनं खूण करा. तिघेही हसले ते वाक्य हलवू नका. फक्त आजोबा हसले, तर संदर्भ शिळा झालाय. विनोद बहुधा जिवंत असतो.

समजा, ट्रंक कॉल (पूर्वी एक्स्चेंजमार्फत जोडून मिळणारा परगावचा फोन) लागेपर्यंत माणूस एसटीनं जाऊन परत येतो, असा विनोद आहे. ‘ट्रंक कॉल’ खोडून ‘मोबाइल’ लिहिलंत तर तो मेलाच, कारण मोबाइल लगेच लागतो. विनोद होता वाट पाहण्यावर. आज ती वाट कुठे पाहावी लागते, ते शोधा:

हवालदार : सरकार, तासभर बाई म्हणतेय, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
कोतवाल : मग उचलत का नाही?
हवालदार : उचलला तर संपेल ना सरकार. महत्त्वाची वस्तू जपून ठेवतात!

शेवटच्या वाक्याआधी अर्धा सेकंद थांबा. हशा पिकला की तो ओसरू लागेपर्यंत पुढचं वाक्य टाकू नका, नाहीतर ते हशात बुडतं. पण पूर्ण शांतताही होऊ देऊ नका. मंडपात मागच्या रांगेला हशा उशिरा पोचतो, त्यामुळे नाट्यगृहातला वेग इथे चालत नाही.

तोतरेपणा, रंग, जाडी यांवरची वाक्यं सरळ काढा. अर्धा मंडप अवघडला की पुढची दोन वाक्यंही पडतात. पुरुषानं नऊवारी नेसण्याचं मात्र वेगळं आहे. साडीला प्रेक्षक एकदाच हसतो; पुढचं हसू येतं ते सोंग उघडं पडून आपण पकडले जाऊ, या त्या पात्राच्या धास्तीचं. ती धास्ती नटानं खरी धरली, तर दहावीतलं पोरही मोबाइल खाली ठेवतं.

एकूण वेळ १५ मिनिटांच्या वर नेऊ नका. कापाकापी सुरुवातीच्या लांबलचक ओळखींत करा, कोतवालाच्या फजितीत नाही. आजच्या बातमीवरची दोन वाक्यं प्रयोगाच्या दिवशीच लिहा, आदल्या आठवड्यात नको.