पन्हाळ्यावर चिडता, मग बालीत तेच का करता? परदेशी फिरताना या चुका टाळा

पन्हाळ्याच्या भिंतीवर कुणी बदाम कोरून ठेवला की आपलं डोकं फिरतं. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं, तेव्हा तर अख्खं गाव पेटलं होतं. रास्तच होतं ते. पण हीच माणसं पासपोर्ट खिशात घालून बाहेर पडली की दुसऱ्याच्या दारात काय काय करतात, ते मी जवळून बघतो. कंपनी-बिंपनी नाही माझी; दहा-बारा पाव्हणे आणि मित्र घेऊन वर्षाकाठी एक दौरा काढतो. माणसं बदलतात, चुका त्याच.

फोटोसाठी समोरचं "आवरणं"

बालीत उबुदला गेलात की पहिल्या पाच मिनिटांत पायाशी दिसेल: तळहाताएवढी, कोवळ्या पानांची चौकोनी परडी. त्यात पांढरी फुलं पूर्वेला, लाल दक्षिणेला, पिवळी पश्चिमेला, निळी किंवा हिरवी उत्तरेला. वर तांदळाचे दाणे, एक उदबत्ती. कधी बिस्किट, कधी चक्क सिगारेटसुद्धा. याला चानांग सारी म्हणतात. घरातली बाई रोज ताजी परडी ठेवते. देव्हाऱ्यात, दुकानाच्या उंबऱ्याशी, फुटपाथवर.

आमच्या साडूंना एका दुकानाचा कोरीव दरवाजा आवडला. "मधी कचरा येतोय," म्हणाले आणि बुटाच्या टोकानं परडी बाजूला सारली. उदबत्ती अजून जळत होती. दुकानातली बाई बघत होती. मला वाटलं, आता ओरडेल. नाही. ती आत गेली, नवी परडी घेऊन आली, त्याच जागी ठेवली, उदबत्ती लावली, फुलानं पाणी शिंपडलं, हात हळू हलवून धूर वर नेला. मग आमच्याकडं बघून हसली. ते हसणं अजून टोचतंय मला.

"पाव्हणं," म्हटलं, "मंगळवार पेठेत तुमच्या दारातल्या रांगोळीवर कुणी असा बूट घातला असता तर?" गप्प झाले. दुसऱ्या दिवसापासून मात्र फुटपाथ सोडून रस्त्याच्या मधनं चालायला लागले, स्कूटर अंगावर आली तरी.

माझा इलाज सोपा आहे. नव्या गावात पहिल्या सकाळी कॅमेरा काढू देत नाही. एक चहा घ्यायचा, तासभर एका जागी बसायचं, लोक कुठं वाकतात, कुठं चपला काढतात, कशाला वळसा घालून जातात ते बघायचं. तासभर! नवख्यांचा यात जीव जातो. "गाईडला विचारलं की दोन मिनिटांत सांगतो की," म्हणतात. सांगतो, आणि तुम्ही तीन मिनिटांत विसरता.

बांधावर रील

हे राधानगरी-गगनबावड्याच्या माणसाला सांगायला नको, पण सांगावं लागतं. उबुदजवळच्या तेगालालांगची भाताची खाचरं टप्प्याटप्प्यानं खाली उतरतात. बांध चिखलाचा, जेमतेम एका पावलाचा. चांगला फोटो पाहिजे म्हणून चार जण खाली उतरले, कड ढासळली, की वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात जातं आणि वरचं भात कोरडं पडतं. बालीत पाण्याची पाळी 'सुबाक' ठरवतं. शेतकऱ्यांचीच संस्था, आणि तिचा कारभार पाण्याच्या देवळांशी बांधलेला. 2012 साली बालीतली सुबाकची काही खाचरं जागतिक वारशात गेली, त्याच वर्षी आपला पश्चिम घाट गेला, राधानगरीच्या जंगलासकट. बांधावरनं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात तारखा चालतात. मग दुसऱ्याच्या बांधावर एवढं मोकळं कसं वाटतं? आखलेल्या वाटेवरनं चाला. शेतकऱ्यानं डबा ठेवला असेल तर त्यात पैसे टाका, घासाघीस करू नका.

कोल्हापूर डब्यात भरून नेणं

चिवडा, लाडू, चटणी, वर रेडी-टू-ईट पिठलं. आठ दिवसांत पाकिटांचा एवढा ढीग, की टाकायचा कुठं हा प्रश्न, आणि ज्या गावात राहिलो तिथल्या खानावळीला एक रुपया नाही. थोडी चटणी मी पण नेतो, खोटं कशाला बोलू. पण जेवतो वारुंगमध्ये, म्हणजे तिथली साधी खानावळ. 'नासी चाम्पुर' मागा. भात आणि भोवती चार-पाच पदार्थ, आपली राईस प्लेटच. सोबत 'साम्बाल मातह': कच्चा छोटा कांदा, मिरची, गवती चहाचा कोवळा दांडा, वर गरम खोबरेल. ठेच्याचा पाव्हणा म्हणा. शाकाहारी असाल तर 'तेरासी नको' असं आधीच सांगा, ती कोळंबीची पेस्ट असते.

आता बाकीच्या, भराभर.

हत्तीवर बसू नका, त्याला आंघोळ घालायच्या पॅकेजलाही भुलू नका. पोवळ्याला हात लावू नका आणि तुकडा खिशात तर अजिबात नको. आपल्याकडं तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडं पाठ करून सेल्फी नाही. भूतानमधल्या पारोच्या टायगर्स नेस्ट मठात फोन बाहेर ठेवावा लागतो, तिथं वाद घालू नका. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. ओले टिश्यू नकोत, बहुतेकांत प्लास्टिकचा धागा असतो. पंचा न्या, तो पुसायला, पांघरायला, खांदे झाकायला सगळ्याला चालतो. बाटली स्टीलची, विमानतळावर रिकामी न्यायची, तपासणी झाली की भरायची.

आणि फी. भूतान भारतीयांकडून माणशी रात्रीला 1200 रुपये घेतं. बालीनं 14 फेब्रुवारी 2024 पासून परदेशी पाहुण्याला दीड लाख रुपिया लावलेत. आकडा ऐकून दचकू नका, आपले हजारसुद्धा होत नाहीत. यावर कुरकुर करणारेच विमानतळावर पाचशेची कॉफी पितात.

शेवटची, माझ्या सगळ्यात रागाची: सात दिवसांत तीन देश. निम्मा वेळ विमानतळावर, आणि जवळच्या टप्प्यांना किलोमीटरमागं इंधन जास्त जळतं, कारण जमिनीवरनं उठून वर चढतानाच जास्त इंधन लागतं. "आलोय तर सगळं बघून घेऊ" म्हणणाऱ्यांना मी सरळ दुसरा एजंट बघायला सांगतो. माझ्याबरोबर आलात तर आठ दिवस एकच गाव, आणि मुंबईपर्यंत महालक्ष्मी एक्स्प्रेस. झोपमोड होते म्हणून साडू अजून तक्रार करतात. त्यांना खालचा बर्थ देतो.