काउंटीला जाब कसा विचारायचा: सॅन होजे-सांता क्लाराच्या मराठी मंडळींसाठी

10 डिसेंबर आणि 10 एप्रिल. इथे घर घेतलेल्या सगळ्यांना या दोन तारखा पाठ असतात, त्याआधी प्रॉपर्टी टॅक्सचा हप्ता भरायचा, पावती सेव्ह करायची, की पुढच्या हप्त्यापर्यंत विषय बंद. मीपण कित्येक वर्षं हेच केलं. आणि आपल्या मंडळींमध्ये काउंटीला (म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या सरकारला) जाब विचारायचा विषय काढला की हमखास ऐकू येतं, "अरे आपण एच-वन-बीवर, मतच नाही, आपलं कोण ऐकणार?" मला हे मनापासून खोडून काढायचंय, कारण खाली जे सांगतोय त्यातल्या जवळपास कशालाच मत लागत नाही. भारतात माहिती अधिकाराचा अर्ज फक्त नागरिकाला करता येतो, कॅलिफोर्नियात सरकारी रेकॉर्ड मागायला नागरिक असायची अटच नाही. व्हिसावरचा माणूससुद्धा मागू शकतो.

सुरुवात बिलापासून करा. बिल उघडून नुसता खालचा आकडा बघू नका. 1978 च्या प्रॉपोझिशन 13 (राज्यातल्या मतदारांनी मंजूर केलेला नियम) मुळे मूळ टॅक्स 1 टक्क्यावर बांधलेला आहे आणि असेस्ड किंमत, म्हणजे टॅक्ससाठी धरलेली घराची किंमत (घर विकलं नाही किंवा नवीन बांधकाम केलं नाही तर) वर्षाला जास्तीत जास्त 2 टक्के वाढते. त्याच्यावर ज्या ओळी असतात त्या मतदारांनी पास केलेल्या बाँडच्या (सरकारने काढलेल्या कर्जाच्या) आणि स्पेशल असेसमेंटच्या (ठरावीक कामांसाठी लावलेल्या जादा आकारणीच्या). उदाहरणार्थ 2016 मध्ये सांता क्लारा काउंटीत मेझर ए हा मतदानाला ठेवलेला प्रस्ताव पास झाला, परवडणाऱ्या घरांसाठी 95 कोटी डॉलरचा बाँड, त्याची परतफेड आपल्या सगळ्यांच्या प्रॉपर्टी टॅक्समधूनच होते. अशा बाँडवर नागरिकांची देखरेख समिती असते, तिचे रिपोर्ट कुणीही वाचू शकतं, पण वाचतं कोण? एक ओळ निवडा आणि तिच्या मागे लागा. सगळ्या बिलाच्या मागे लागलात तर आठवड्याभरात दमाल.

मग प्रश्न काउंटीचाच आहे ना हे तपासा, इथे फार जण चुकतात. तुमच्या गल्लीतला खड्डा सिटीचा, पण लॉरेन्स किंवा सॅन टोमास एक्स्प्रेसवेवरचा खड्डा काउंटीचा. व्हॅली मेडिकल हॉस्पिटल, जेल, निवडणुका, घराची असेसमेंट, पब्लिक हेल्थ हे काउंटीचं. शाळांचं डिस्ट्रिक्ट वेगळं, तिथला राग काउंटीवर काढून काही होत नाही. काउंटीचा कारभार 5 निवडून आलेल्या सुपरवायझरांचं बोर्ड बघतं, 19 लाखांच्या आसपास लोकवस्ती, म्हणजे एकेका सुपरवायझरमागे पावणेचार लाखांच्या वर माणसं. आपला सुपरवायझर कोण हे काउंटीच्या साइटवर पत्ता टाकला की कळतं.

आता अजेंडा. 1953 च्या ब्राउन ॲक्टप्रमाणे (सरकारी मीटिंग लोकांसाठी खुल्या ठेवायचा राज्याचा कायदा) नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा निदान 72 तास आधी लावावाच लागतो आणि जे अजेंड्यावर नाही त्यावर बोर्ड (अगदी मोजके अपवाद सोडले तर) निर्णय घेऊ शकत नाही. मीटिंग बहुतेक मंगळवारी, सॅन होजेत वेस्ट हेडिंग स्ट्रीटवर असते, ऑनलाइनही बघता येते. अजेंडा वाचताना मोठ्या मथळ्यांच्या चर्चेआधी कन्सेंट कॅलेंडर बघा असं मी कळकळीने सांगेन, तिथे ढीगभर ठराव एकाच मतात, चर्चेविना पास होतात आणि कॉन्ट्रॅक्टची मुदतवाढ, वाढीव रक्कम असल्या गोष्टी बऱ्याचदा तिथेच असतात. एखादी ओळ खटकली तर सुपरवायझरच्या ऑफिसला आधीच मेल करून ती बाहेर काढून चर्चेला घ्या असं मागा. बजेटचं म्हणाल तर काउंटीचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं, मसुदा मे महिन्यात येतो, सुनावण्या जूनमध्ये. जुलैमध्ये जाऊन ओरडण्यात काही अर्थ नसतो, पैसे वाटून झालेले असतात.

बोलायला जाताना भीती वाटते, मलाही पहिल्यांदा हात थरथरत होते, कागदावर लिहून नेलेलं तसंच वाचलं आणि तेच बरं झालं. नुसतं जाऊन बसायला नाव लिहायची सक्ती नाही. बोलायला मिळतात एक ते तीन मिनिटं, गर्दीप्रमाणे कमी-जास्त. त्यामुळे पहिल्याच वाक्यात आयटम नंबर आणि काय हवंय ते सांगा, दुसऱ्यात आकडा, आणि शेवटी असा एक प्रश्न की ज्याचं उत्तर हो किंवा नाहीच देता येईल. अजेंड्याबाहेरच्या विषयावर बोललात तर ते ऐकून घेतील पण निर्णय देऊ शकत नाहीत, त्यात तुमचा अपमान वगैरे काही नाही, कायदाच तसा आहे. आणि हे फार लोकांना माहीत नाही, दुभाष्याच्या मदतीने बोलणाऱ्याला निदान दुप्पट वेळ द्यावा लागतो (एकाच वेळी भाषांतर ऐकवायची यंत्रणा असेल तर मात्र नाही). म्हणजे तुमचे आई-बाबा इथे राहत असतील आणि काउंटीच्या हॉस्पिटलबद्दल त्यांना काही सांगायचं असेल तर ते मराठीत बोलू शकतात, तुम्ही शेजारी उभं राहून भाषांतर करा.

रेकॉर्ड मागणं हे सगळ्यात धारदार हत्यार. पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट 1968 चा आहे. कारण सांगावं लागत नाही, साधा ईमेल चालतो. रेकॉर्ड देणार की नाही हे 10 दिवसांत कळवावं लागतं, काही ठरावीक कारणांसाठी आणखी 14 दिवस घेऊ शकतात. लक्षात घ्या, 10 दिवसांत उत्तर, कागद हातात यायला जास्त वेळ लागू शकतो. म्हणून अर्ज आटोपशीर ठेवा. "हॉस्पिटलच्या खर्चाची सगळी माहिती द्या" असं लिहिलं तर महिनोन् महिने जातील, त्याऐवजी खातं, व्हेंडरचं नाव, कॉन्ट्रॅक्ट नंबर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, असं लिहा. नकार दिला तर कुठल्या कलमाखाली ते लेखी मागा. कोणी म्हणालं की ते माझ्या खासगी जीमेलवर आहे तर 2017 चा निकाल दाखवा, सॅन होजे शहराच्याच खटल्यात कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टाने ठरवलंय की सरकारी कामाचा मेल खासगी खात्यातून केला तरी तो पब्लिक रेकॉर्ड असू शकतो.

त्याच्या जोडीला फॉर्म 700 बघा. अधिकाऱ्यांनी आपली मिळकत, गुंतवणूक, मिळालेली गिफ्ट्स त्यात दरवर्षी जाहीर करायची असतात. कॉन्ट्रॅक्ट कोणाला गेलं आणि फॉर्मवर काय लिहिलंय हे शेजारी शेजारी ठेवून वाचा.

एवढं करूनही काही हललं नाही तर सिव्हिल ग्रँड ज्युरी, म्हणजे स्थानिक सरकारच्या कारभाराची चौकशी करणारी रहिवाशांची समिती. कॅलिफोर्नियाच्या 58 ही काउंटींत असते, आपल्याकडे 19 साध्या रहिवाशांची, वर्षभरासाठी. तक्रार कुणीही करू शकतं आणि ती गुप्त राहते. प्रत्येक तक्रार ते घेतीलच असं नाही, म्हणून तारखा आणि कागद जोडूनच पाठवा. यांची ताकद किती असते? सांता क्लाराच्या शेरीफ (काउंटीच्या पोलीस प्रमुख) लॉरी स्मिथ, 1998 मध्ये निवडून आलेल्या, वीसहून जास्त वर्षं खुर्चीवर. लपवून बंदूक बाळगायचे परवाने ओळखीपाळखीच्या आणि देणगीदार लोकांना दिले, हॉकी मॅचच्या सुइटचं (स्टेडियममधल्या खासगी बैठकीचं) गिफ्ट जाहीर केलं नाही असे आरोप डिसेंबर 2021 मध्ये ग्रँड ज्युरीने ठेवले. खटला उभा राहिला, 31 ऑक्टोबर 2022 ला त्यांनी राजीनामा दिला आणि तरीही नोव्हेंबरच्या सुरुवातीला कोर्टातल्या ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं.

ग्रँड ज्युरीचा रिपोर्ट आल्यावर निवडून आलेल्या अधिकाऱ्याला 60 दिवसांत आणि बोर्डाला 90 दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं, प्रत्येक शिफारसीला वेगळं. केलं, करणार, करणार नाही, किंवा अजून अभ्यास लागेल. हा अभ्यास 6 महिन्यांच्या आत संपवायचा असतो, तेव्हा ती तारीख फोनच्या कॅलेंडरवर टाकून ठेवा आणि त्या आठवड्यात मेल करा. आणि ज्यांना सिटिझनशिप मिळालीय, काउंटीत वर्षभर राहताय, ते स्वतःच ज्युरीसाठी अर्ज करू शकतात, नवीन ज्युरी उन्हाळ्यात बसते, अर्ज त्याच्या काही महिने आधी सुपीरियर कोर्टाच्या साइटवर मिळतो.