बूटकॅम्प लावताय? आपल्याकडच्या पोरांनी या चुका टाळा

मी परभणी जिल्ह्यातला, बीएस्सी झालेला, घरी सोयाबीन-कापूस. पुण्यात सहा महिन्यांचा फुल स्टॅकचा बूटकॅम्प (वेबसाइटची पुढची-मागची दोन्ही बाजू शिकवणारा कोडिंगचा झटपट क्लास) केला आणि त्यानंतर नोकरी लागायला अजून अकरा महिने गेले. त्यातले सात-आठ तरी माझ्याच चुकांनी गेले, म्हणून हे लिहायलोय. आता गावाकडून सारखे फोन येतात, दादा अमुक क्लास लावू का, पॅकेज किती मिळंल, आणि मी प्रत्येकाला तेच ते सांगून थकलो.

सगळ्यात मोठी चूक डोक्यातली आहे, ती आधी. आपण लातूर पॅटर्नचं कौतुक ऐकत मोठी झालेली पोरं. क्लास लावायचा, नोट्स घोटायच्या, टेस्ट सिरीज सोडवायची, मार्क येतात. बोर्डाला, नीटला ते चालतं कारण सिलॅबस ठरलेला आहे अन् पेपर त्यातूनच येतो. इथं तसं नाही. आमचे सर प्रोजेक्टरवर टू-डू ॲप (कामांची यादी ठेवणारं) लिहायचे, मी बघून बघून टाइप करायचो, चाललं की खूश. चार महिने असंच, रिॲक्ट झालं, नोड झालं (वेबसाइट बनवायची जावास्क्रिप्टची साधनं), मला वाटलं आपण तयार झालो. मग एका रविवारी रूमवर रिकामं फोल्डर उघडलं, म्हटलं गावातल्या कृषी सेवा केंद्राच्या उधारीचा हिशोब ठेवणारं ॲप करू, तर पहिली फाइल कोणती बनवायची तेच सुचंना. अर्धा तास नुसता बसून राहिलो अन् शेवटी यूट्यूब लावलं.

तुमचं पण असं होत असेल तर उपाय कंटाळवाणा आहे पण तोच लागू पडतो. लेक्चर संपलं की सरांचा कोड बंद करा आणि त्याच दिवशी रिकाम्या फोल्डरात तेच परत लिहा. अडलं तर आधी डॉक्युमेंटेशन (त्या साधनाची अधिकृत माहिती) बघा, व्हिडिओ एकदम शेवटी. चाललं की त्यात एक गोष्ट अशी टाका जी शिकवलेली नाही, मग ती केवढीशी का असेना. चॅटजीपीटीचं पण तेच. त्याच्याकडून अख्खा कोड घेऊन प्रोजेक्ट उभा करणारी पोरं मी बघितली, इंटरव्ह्यूत समोरचा म्हणतो स्क्रीन शेअर करा, हे बटण लागोपाठ दोनदा दाबलं तर काय होईल सांगा, आणि तिथंच गप्प. एरर समजावून घ्यायला वापरा, मग ती विंडो बंद करून स्वतः लिहा.

लाल अक्षरं दिसली की घाबरू नका

एरर आला की आपल्यातले निम्मे जण तो वाचतच नाहीत, सरळ फोटो काढून बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात, भाऊ बघ ना. पायथनचा एरर खालून वर वाचायचा, शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं आणि त्याच्या वर तुमच्या फाइलचं नाव अन् लाइन नंबर सापडतो. जावास्क्रिप्टमध्ये ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइंड’ आलं तर बहुतेक वेळा एपीआयचा डेटा (सर्व्हरकडून मागवलेली माहिती) अजून आलेलाच नसतो आणि तुम्ही तो आधीच वाचायलाय. त्या ओळीच्या आधी कन्सोल लॉग (डेटा छापून दाखवणारी ओळ) टाकून बघा, हातात नेमकं काय आलंय ते कळतं. पोर्ट ३००० आधीच वापरात आहे म्हणत असेल तर जुना सर्व्हर दुसऱ्या टर्मिनलमध्ये चालूच राहिलाय, तिथं जाऊन कंट्रोल सी दाबा. गिटवर (कोडचे बदल जपून ठेवणारं साधन) पुश रिजेक्ट झालं तर आधी पुल करा म्हणजे बाकीच्यांचे बदल आपल्याकडं घ्या, घाईत फोर्स पुश मारू नका, मी मारला होता आणि ग्रुप प्रोजेक्टमधल्या पोरीचं दोन दिवसांचं काम उडवलं, ती अजून ऐकवते. नोड मॉड्यूल्सचं फोल्डर आणि डॉट ईएनव्ही फाइल (पासवर्ड, की ठेवायची) गिटइग्नोरमध्ये टाका, म्हणजे ती वर जात नाहीत. पासवर्ड किंवा एपीआय की चुकून गिटहबवर गेलीच तर नुसती फाइल डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते, ती की बदलूनच टाकावी लागते.

पैशाचं नीट बघा

इथं आपली माणसं लई फसतात. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणून जे सांगतात ते बऱ्याचदा फायनान्स कंपनीचं लोन असतं, तुमच्या किंवा बापाच्या नावावर. क्लासला पैसे एकदम मिळून जातात आणि हप्ते तुमच्याकडं राहतात, क्लास आवडो न आवडो, नोकरी लागो न लागो. मला ॲडमिशनच्या दिवशी काउन्सेलर मॅडमनं टॅबवर चार ठिकाणी ओटीपी टाकायला लावला, मी टाकला, काय वाचलं नाही. घरी गेल्यावर कळलं की फीवर १८% जीएसटी वेगळा होता. हप्ता बाउन्स झाला तर सिबिल खराब होतं आणि उद्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, पीककर्ज काढताना ते आडवं येऊ शकतं, हे लक्षात घ्या. लोन ॲपवरून दिलं असेल तर आरबीआयच्या डिजिटल लेंडिंगच्या नियमांप्रमाणे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (लोनच्या मुख्य अटींचा कागद) द्यावंच लागतं, त्यात खरं वार्षिक व्याज लिहिलेलं असतं. आणि कूलिंग ऑफ पिरियड पण असतो, तेवढ्या मुदतीत मुद्दल अन् तेवढ्या दिवसांचं व्याज भरून लोनमधून बाहेर पडता येतं, दंड लागत नाही. ही मुदत किती दिवसांची आहे ते सही करायच्या आधी विचारा.

‘प्लेसमेंट गॅरंटी’ कागदावर काय लिहिलीय ते पण बघा. कॉल सेंटरची नोकरी दिली तरी ती प्लेसमेंट धरणार का? कमीत कमी पगार लिहिलाय का? किती इंटरव्ह्यू चुकले की गॅरंटी रद्द? हे आपल्याकडचंच नाही, अमेरिकेत ब्लूमटेक नावाचा, आधी लॅम्ब्डा स्कूल म्हणायचे, लई गाजलेला बूटकॅम्प होता. ७१ ते ८६% पोरांना नोकरी लागते अशी जाहिरात करायचे, पण त्यांच्या स्वतःच्या आकड्यात ते ५०% च्या आसपासच होतं. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक संरक्षणाच्या सरकारी संस्थेनं त्यांच्यावर कारवाई केली. तर आपल्या क्लासच्या भिंतीवर लावलेल्या हसऱ्या फोटोंवर जाऊ नका, मागच्या बॅचच्या दोन-तीन पोरांना स्वतः शोधून फोन करा, क्लासनं दिलेल्या नंबरवर नाही.

आणि फी भरायच्या आधी दोन महिने फुकटात शिकून बघा, फ्रीकोडकॅम्प आहे, हार्वर्डचा सीएस५० कोर्स आहे, आयआयटीवाल्यांचं एनपीटीईएल आहे. रोज दोन तास बसवंना तर बूटकॅम्पमध्ये पण बसवणार नाही, पैसे तरी वाचतील.

फेक एक्स्पीरियन्सच्या नादाला लागू नका. काही कन्सल्टन्सीवाले पैसे घेऊन दोन-तीन वर्षांचं एक्स्पीरियन्स लेटर देतो म्हणतात. कंपन्या पीएफच्या यूएएन नंबरवरून जुन्या नोकऱ्या तपासतात, लागलेली नोकरी जाते. बारावीला कमी मार्क आहेत, गॅप आहे, तर दहावीपासून ६०% मागणाऱ्या मोठ्या कंपन्यांमागं वर्ष घालवू नका, छोट्या कंपन्यांत अप्लाय करा, तिथं प्रोजेक्ट बघतात.

पुणंच पाहिजे असं काही नाही. नांदेड, देगलूरकडच्या पोरांना हैदराबाद जवळ पडतं, अमीरपेटला क्लासेसच क्लासेस आहेत, फक्त वरचे सगळे प्रश्न तिथं पण विचारा. गावातून ऑनलाइन करणार असाल तर संध्याकाळची लाइव्ह बॅच घेताना लाइटीचा विचार करा. रेकॉर्डिंग मिळतं का, ते किती महिने राहतं हे विचारून घ्या. डेव्हडॉक्स नावाच्या साइटवर डॉक्युमेंटेशन ऑफलाइन सेव्ह करता येतं, नेट गेलं तरी काम थांबत नाही. लॅपटॉपला ८ जीबी रॅममध्ये क्रोम आणि व्हीएस कोड भागतं, अँड्रॉइड स्टुडिओ घ्यायचा असेल तर १६ लागते, आणि एसएसडी नसेल तर आधी ती टाका.

बॅच संपल्यावर मी गावी गेलो, म्हटलं सोयाबीन काढून येऊ, आणि दोन महिने कीबोर्डला हात लावला नाही. परत आलो तेव्हा साधा लूप लिहिताना अडखळत होतो. रेझ्युमेवर तोच टू-डू, तेच वेदर ॲप, जे बॅचमधल्या चाळीस जणांच्या रेझ्युमेवर होतं. शेवटी ते उधारीचं ॲप पूर्ण केलं, मोडकंतोडकं, दिसायला पण बरं नाही, पण माझं. ज्या इंटरव्ह्यूत नोकरी लागली तिथं समोरच्यानं बाकी सगळं सोडून तेच उघडलं आणि विचारलं, शेतकऱ्यानं सुगीला निम्मेच पैसे दिले तर उरलेल्याचा हिशोब कसा धरता? मी पंचवीस मिनिटं बोललो. दुकानदाराची ती वही मी लहानपणापासून अण्णांबरोबर बघत आलो होतो.